उशिरा हसणारा माणूस

विनोद ही अत्यंत गंभीर बाब असून ती एकट्यादुकट्याच्या लहरीवर सोडून चालत नाही. म्हणूनच इंग्लंडातल्या आमच्या अ‍ॅक्रिंग्टन गावात दर गुरुवारी दुपारी, वाचनालयाच्या माडीवर, ‘हरवलं-सापडलं’ प्रेमी मंडळाची बैठक भरते. ही सत्तरच्या दशकातली टीव्ही मालिका. रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीतले मोठे साहेब मिस्टर प्लंब त्यात स्वतःचीच छत्री शोधत असतात. ती शेवटपर्यंत सापडत नाही. आम्ही वर्षानुवर्षं तेच भाग व्हिडिओ टेपवर पाहत आलो आहोत. छत्री सापडणार नाही हे ठाऊक असल्यामुळे उगाच जीव टांगणीला लागत नाही.

बैठकीची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. प्रत्येक संवाद सभासदांनी नटाच्या आधी म्हणायचा. (नट मागे पडला तर मन मोठं करून त्याला सांभाळून घ्यायचं.) हसायचं मात्र नाही. चित्रीकरणाला बसवलेले प्रेक्षक टेपवर आमच्या वतीने हसून गेले आहेत, आणि झालेलं काम पुन्हा करणं आमच्याकडे उधळपट्टी समजतात. मंडळाच्या पाहणीनुसार दर दहा सभासदांपैकी नऊ जणांना मालिका फार विनोदी वाटते. (दहावे मिस्टर एंटविसल. त्यांना झोपेतून उठवून विचारणं बरं दिसलं नसतं.)

त्या टेपवरच्या प्रेक्षकांत एक इसम मात्र बेशिस्त होता. सगळे हसून थांबले की हा सुरू व्हायचा. आधी घशात खरखर, मग लांबलचक ‘हाऽऽऽ’. त्यामुळे पुढचा संवाद म्हणताना आमची लय चुकायची. अध्यक्ष डेरेक हॅलिवेल त्याला ‘ते गाढव’ म्हणत. मॅव्हिस ऑर्मरॉड ही आमची जुनी सभासद अशा वेळी बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसे.

मग गेल्या महिन्यात मालिकेची नवी डिस्क आली. चित्र इतकं स्वच्छ की कचेरीची भिंत पुठ्ठ्याची आहे हे उघड दिसतं. सुरुवातीला ‘यातील विचार त्या काळचे आहेत’ असा इशारा आहे. (आमचेही तेच असल्याने अडचण आली नाही.) आणि प्रेक्षकांचं हसणं पार पुसून टाकलेलं. हल्लीच्या लोकांना कुठं हसायचं ते सांगितलेलं आवडत नाही म्हणे.

“सुटलो बुवा!” डेरेक म्हणाले. “ते गाढवही गेलं.”

मॅव्हिसनं कप खाली ठेवला. “तो आमचा विल्फ होता,” ती म्हणाली. “गिरणीची सहल गेली होती ना, तेव्हा बसलो होतो आम्ही नवराबायको तिथं. त्याला विनोद लगेच कळायचा नाही. मी कानात समजावून सांगायचे, मग तो हसायचा. आता तो तेवढ्याच टेपांत उरलाय.”

अशा प्रसंगी आमच्या लोकांचं धैर्य बघण्यासारखं असतं. मिस्टर एंटविसल जागे झाले आणि परत झोपले. यापुढे डिस्कच लावावी आणि टेपा काढून टाकाव्यात, असा ठराव मतदानाला आला. “माझ्यामुळे नका रे अडू,” असं म्हणत मॅव्हिसनंच पहिला हात वर केला.

इथं आमच्याकडची रीत सांगायला हवी. पहिल्या विचारण्याला ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यालाही ‘नको’, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, तू एवढं म्हणतोस तर’ म्हणून घ्यायचं. केकपासून लग्नाच्या मागणीपर्यंत सगळे व्यवहार असेच चालतात.

“मॅव्हिस, टेपा नेतेस का घरी?” डेरेकनी विचारलं.

“नको रे, कशाला उगाच.”

“अगं, ने की. नाहीतरी कचऱ्यातच जाणार.”

“राहू दे. कोणाला हव्या असतील.”

तिसरी खेप त्यांच्या ओठांवर आली होती. तेवढ्यात किटलीतलं पाणी उकळलं, आणि चहापुढे आमच्याकडे इतर कामकाज तहकूब होतं.

मॅव्हिसनं कोट चढवला. सगळी बटणं लावली. मग वरचं काढून पुन्हा लावलं. हातातच असलेले हातमोजे शोधले. दाराशी थांबून “पाऊस येईलसं दिसतंय,” म्हणाली. ती कशासाठी थांबली आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. परंतु तिसऱ्यांदा विचारण्याचा मान अध्यक्षांचा. मी पडलो उपाध्यक्ष, शिवाय किटली माझ्या हातात. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी टेपाही गेल्या.

आता बैठका फार सुरळीत चालतात. मॅव्हिस अजून येते. प्लंबसाहेबांचा विनोद झाला की ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे जराशी झुकते, काहीतरी पुटपुटते आणि वाट बघते. आम्ही सभ्य माणसं असल्यामुळे तिकडे बघत नाही.

वाचक मंडळी आग्रहाच्या मुलखातली. पंगतीत ताटावर आडवा हात धरला तरी जिलबी वाढणारी. त्यांना आमच्या रीतीचं हसू येणं साहजिक आहे. तेव्हा फक्त माहितीसाठी विचारतो. परवा फोनवर तुमची आई “मला काही नको रे, तुम्ही तुमचं बघा” म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला कितीदा विचारलं होतं?