लळिंगच्या पायथ्याचा बंगला आणि लताबाईंचं मौन

"तापीच्या दोन्ही काठांवर ज्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही, ज्याच्या नुसत्या खोकल्याने अट्टल गुन्हेगार कबुलीजबाब देतात, तो अन्वेषणमहर्षी शालिग्राम मीच!"

एवढं बोलून शालिग्राम खोकला. समोर गुन्हेगार नव्हता, यावलचे केळीबागायतदार जीवरामआबा होते. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

कुंदनने मान खाली घातली. तो शालिग्रामचा मेहुणा. जळगावात शालिग्रामचं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि कुंदनकडे गाडी होती, म्हणून कुंदन सहायक. मागच्या महिन्यात शालिग्रामने स्वतःच्याच स्कूटरच्या चोरीचा छडा लावला होता. ती बायकोने दुरुस्तीला टाकली होती. ती बायको म्हणजे कुंदनची बहीण कामिनी. तिने भावाला बजावलं होतं, "यांना एकटं सोडू नको रे, लोक मारतील."

आबांची केस साधी होती, म्हणजे शालिग्रामच्या हातात पडेपर्यंत. आबांचा मुलगा धुळ्यात प्राध्यापक, नात मयुरी तिथेच कॉलेजात. म्हातारपण नातीजवळ काढायचं म्हणून आबांनी धुळ्याजवळ, लळिंगच्या डोंगराच्या पायथ्याशी एक आलिशान बंगला पसंत केला होता. इटालियन संगमरवर, बोललं की सरकणारे पडदे, डोंगराकडे तोंड करून डुंबायचा टब. बंगला सगळ्यांना आवडला. लताबाई, आबांच्या पत्नी, तेवढ्या गप्प. बंगला दाखवायला नेलं की मागच्या दारापर्यंत जायच्या, वर बघायच्या, काही न बोलता गाडीत येऊन बसायच्या.

"आज संध्याकाळपर्यंत हो म्हटलं नाही, तर नाशिकचं एक गिऱ्हाईक घेऊन टाकीन तो बंगला," आबा म्हणाले. "अन् तिच्याबिगर मी काही तिथं राह्यला जात नाही."

"काकूंना विचारलंत का, का नको ते?" कुंदनने विचारलं.

आबा चमकले. "तिले कसं इचारू? ती म्हणते, तुमीच पाहा."

पन्नासेक वर्षांच्या संसारात बायकोला सरळ प्रश्न विचारण्यापेक्षा आबांना गुप्तहेर लावणं सोपं वाटलं होतं. कुंदनला त्यांचा रागही आला आणि स्वतःच्या घरची आठवणही झाली.

दुपारी सगळे बंगल्यावर पोचले. लताबाईंच्या हातात एक जड कापडी पिशवी होती.

"आबा म्हणतात, दर वेळी हीच पिशवी येते आणि न उघडता परत जाते," शालिग्राम कुंदनच्या कानात म्हणाला. "दागिने! बाई चोरकप्पा शोधते आहे. बंगल्यात तो नाही, म्हणून नकार."

"जिजाजी, दागिन्यांना देठ असतात का? पिशवीतून देठ दिसतोय."

शालिग्रामने सिद्धांत बदलला. वर पाहणं म्हणजे भूत. त्याने धुळ्याच्याच असलेल्या वॉचमनला, लोटनला, कोपऱ्यात घेतलं.

"भाऊ, आठे घरमा भूतबीत काही नही शे," लोटन अहिराणीत म्हणाला. "बठ्ठं घर नवं शे. भूत व्हवाले आधी कोनी मराले नको का?"

मग बिबट्या. शालिग्राम कुंपणापाशी रांगत गेला आणि पंजाचे ठसे घेऊन आला. ते लोटनच्या कुत्र्याचे होते, आणि कुत्रं मागोमाग येऊन तसं सांगतही होतं. शेवटी त्याने गाडीची डिकी तपासली. "कपाशीच्या काड्यांची मोळी. सरपण. प्रकरणाशी संबंध नाही," असं जाहीर करून डिकी बंद केली.

एवढ्यात मयुरी कॉलेजातून आली. दप्तर सोफ्यावर टाकत तिने विचारलं, "आजी, तुला घर का नको गं?"

बस. एवढंच विचारलं.

"इथं वांगे कुठी भाजू?" लताबाई म्हणाल्या.

पिशवीतून भरताची हिरवी, लांबट वांगी बाहेर आली. नव्या घरात पहिलं भरीत करायचं म्हणून त्या दर खेपेला वांगी आणि काड्या आणत होत्या. मागच्या दाराशी जावं, तर अंगणाला फरशी आणि वर काचेचं छत.

बिल्डरचा मॅनेजर ज्ञानेश्वर धावला. "काकू, गॅस आहे ना! चार बर्नर, वर जर्मन चिमणी. धूर दिसणारसुद्धा नाही."

"गॅसवर वांगं भाजत नाही, नुसतं शिजतं," लताबाई म्हणाल्या. "अन् धूर दिसला नाही, तर माणसं कशी येतीन? गावात काड्या पेटवल्या की आठ घरच्या बाया विचारत येतात, आज भरीत का? ही पोर कॉलेजात जाईन, हे पेपर वाचतीन. मी दिवसभर त्या पडद्याशी बोलू का?"

आबा बायकोकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी भरीत खाल्लं होतं आणि त्याला मीठ बरोबर आहे की नाही एवढंच सांगितलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले, डिकीतून मोळी काढली आणि बंगल्यासमोरच्या हिरवळीच्या कडेला काड्या पेटवल्या.

"आबा, नियमात बसत नाही!" ज्ञानेश्वर ओरडला.

"मंग नियमाले म्हना, थोडं सरकून बस."

लताबाईंनी वांगी आगीवर ठेवली. धूर वर गेला. शेजारच्या बंगल्याचं दार उघडलं. लोखंडाचे व्यापारी हबीबभाई तरातरा बाहेर आले. "कौन जला रहा है?" ज्ञानेश्वरचा चेहरा पांढरा पडला. पण हबीबभाईंच्या मागून त्यांच्या पत्नी कनीज आल्या, हातात तेलाची बाटली.

"मैं बोली ना, भरीत है," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि सरळ लताबाईंशेजारी उकिडव्या बसल्या. "काकी, शेंगदाणे कच्चेच टाकता की भाजून? छे महीने हो गए यहाँ, कोई बात करने को नहीं. तुम्ही कधी येताय राहायला?"

आबांनी श्वास रोखला.

"येत्या आठवड्यात," वांगं उलटत लताबाई म्हणाल्या. "मिरच्या मी आनीन."

आबा चटकन तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसू लागले. "धूर फार आहे," ते म्हणाले.

शालिग्रामचे डोळे चमकले. "क्षणभर थांबा! वारा डोंगराकडून वाहतो आहे. धूर रस्त्याकडे जातो आहे. आबा उभे आहेत डोंगराच्या बाजूला. याचाच अर्थ..."

आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा तर्क अचूक निघाला होता. कुंदनने भाजलेल्या वांग्याचा गरम, मोठा घास त्याच्या तोंडात कोंबला.