केसवाले सदूअण्णा

सदूअण्णा भेटले, की आधी तुमच्या तोंडाकडं बघत नाहीत, खांद्याकडं बघतात. मग ओरडतात, "हलू नका!" आपल्याला वाटतं, अंगावर विंचू चढला. तोवर अण्णांनी शर्टावरचा केस चिमटीत धरून उन्हाकडं केलेला असतो. ओतूरच्या स्टँडवर त्यांनी एकदा कंडक्टरलाच असं थोपवलं. सगळी एसटी ताटकळली आणि कंडक्टर पकडलेल्या चोरासारखा हात वर करून उभा.

अण्णा पिंपरी पेंढारचे. सगळी नोकरी शहरातल्या प्रयोगशाळेत गेली, गुन्ह्याच्या जागी सापडलेले केस तपासण्यात. लग्न केलं नाही. स्वतःच्या डोक्यावर मात्र एक केस नाही. "घरचा माल कवाच खपला," म्हणतात.

एका लग्नात आमटीत केस निघाला. लोक आचाऱ्यावर धावले. अण्णांनी चष्मा पुसला. "आचाऱ्याला सोडा राव. ह्याला मेंदी लावलीय. नवरदेवाचा मामा कुठंय?" मामा तोवर टोपी घालून मांडवाबाहेर पोचले होते.

ओतूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. अण्णा तिथं चहाला बसतात. मीही त्यांना लई हसायचो.

आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती. वडील चुकलेली मेंढी शोधायला घाटाकडं गेले, ते परत आलेच नाहीत. आम्ही दऱ्या पालथ्या घातल्या. वर्षं गेली. आई कुंकू लावायची, त्यावरून बाया कुजबुजायच्या. एकदा ती मला म्हणाली, "कुनीतरी सांगा रं, लावू का पुसू?"

मग लाकडाला गेलेल्या माणसांना एका कपारीत हाडं सापडली. शेजारी फाटका पटका. पोलिसांनी हाडं तपासायला पाठवली, पण डीएनए काही हाती लागला नाही. मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला.

"पटक्याला केस असतील की!"

"त्याचा काय उपयोग, अण्णा?"

"भाऊ, डीएनए ऊन-पावसात नासतो. केस टिकतो, त्यो प्रोटीनचा असतो. आन् त्या प्रोटीनमधी बी आई-बापाकडनं आलेलं बारीक फरक असत्यात. ते जुळवता येतं. वडलांचा घरातला केस हाय का?"

आईनं ट्रंकेतून वडलांची घोंगडी काढली. तिनं ती कधी धुतली नव्हती. हवालदारासमोर अण्णा भिंग लावून दुपारभर अंगणात बसले. "ही मेंढी. ही बी मेंढी," म्हणत एकेक केस बाजूला करायचे.

"काळी व्हय? लई द्वाड व्हती ती," आई म्हणाली.

शेवटी माणसाचे थोडे केस मिळाले. पोलिसांकडच्या पटक्यातही काही चिकटलेले होते. अण्णांचा एक जुना सहकारी आता याच प्रोटीनवर काम करतो. पोलिसांनी नमुने रीतसर त्याच्याकडं पाठवावेत म्हणून अण्णांनी ठाण्याच्या इतक्या खेपा घातल्या, की त्यांना बघून हवालदार मागच्या दारानं निघायचा. पण नमुने गेले.

बऱ्याच महिन्यांनी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून घरी आले. आई चुलीपुढून उठली.

"काय ते सांगा, भावजी."

"वैनी, शंभर टक्के मी म्हननार न्हाई, ह्ये शास्त्र अजून नवं हाय. पर घोंगडीवरचं केस आन् पटक्यातलं केस दोन येगळ्या मानसांचं असतील, असं मानायला लई थोडी जागा उरलीय. पोलिसांनी बी मानलंय. दादांना घरी आना आता."

आईनं पदरानं कपाळ स्वतःच पुसलं. मग रडली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोकळी. रडता रडता तिनं अण्णांना हात जोडले. अण्णा गोंधळून माझ्याकडंच बघत राहिले.

दहाव्याला अण्णा आले, जेवले. पाव्हणे पांगले तरी उठेनात. शेवटची एसटी चुकली असेल, असं मला वाटलं.

"अण्णा, गाडीवर सोडू का?"

"न्हाई रं. नोकरीत येवढी मानसं माज्या हाताखालनं गेली. रिपोर्टवर सही केली, की संपलं. ती कशी व्हती, ते मला कुनी कधी सांगितलंच न्हाई. मी तरी कुनाला इचारनार? तुजं वडील कसं व्हतं रं?"

आई आतून आली आणि दाराशी टेकून बसली.

"लई घोरायचे," ती म्हणाली.

"कंच्या कुशीवर?" अण्णांनी विचारलं, आणि मांडी घालून नीट बसले.