वादी क्रमांक दोन आणि गल्लीचा आड

आमच्या गल्लीच्या आडावर कोणी पोहरा सोडू लागले की शेजारचे पुंजाजी काठी आडवी धरून विचारीत, "कोन पेनार हाय हे पानी?" धुण्याला असेल तर काठी वर जाई. पिण्याला असेल तर स्वतःच्या मळ्यातल्या विहिरीची घागर ते त्या घरी पोहोचती करीत.

समोरच्या सखूबाई एकदा म्हणाल्या, "म्हैस पेनार हाय, बुवा. तिले इचारून येऊ काय?"

"तिले बी मळ्यातलंच पाज."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते. आमच्या ग्रामपंचायतीने साऱ्या गल्लीचे सांडपाणी एका गटारात घालून ते आडाला खेटून नेले. हे नियमबाह्य आहे, असे मी तिला सतरा पत्रांनी कळवले. उत्तर आले नाही. तेव्हा कोर्टात हयात घालवलेल्या नाझराने जे करावे ते मी केले, दावा लावला. वादी क्रमांक एक मी, क्रमांक दोन पुंजाजी. त्यांचे म्हणणे एवढेच, "तुमी लिवा, नाझरसाहेब. मी अंगठा देतो."

कोर्टाचा कमिशनर भर दुपारी पाहणीला आला. मी गटाराचे अंतर मोजत असताना त्याने पुंजाजींकडे आडाचे पाणी मागितले. अहवालात लिहिले : "पाणी स्वतः प्यालो. गोड व निर्मळ आहे."

ते मळ्यातले होते.

मी संतापाने त्यांच्या ओट्यावर गेलो. "आपणच आपला दावा बुडवलात!"

"मानूस उनातून आल्ता, साहेब. दारी आलेल्याले ते पाजू काय?"

"मग पाणी मळ्यातले आहे, हे सांगायचे होते!"

"सांगतलं असतं, तं त्यानं आडाचंच मांगतलं असतं."

मी तरीही बोलत राहिलो. ते काठीकडे पाहत होते.

"सारजेले मीच पाजलं," ते म्हणाले. "तापात पानी पानी करे. दर खेपेले आडावरून ताजं आनलं म्या."

सारजा त्यांची बायको. गटार झाल्यावर ती गेली, हे मला ठाऊक होते. कशाने, हे मी कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फेरपाहणीचा अर्ज लिहिला. घडलेला प्रकार खरा तसा मांडला. पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासणीस पाठवावा, कमिशनरांनी पिण्याचे पाणी सोबत आणावे, अशी विनंती केली. खाली जोडले : "वादी क्रमांक दोन हे आडाचे पाणी कोणासही पिण्यास देणार नाहीत."

पुंजाजींनी प्रथमच कागद वाचून दाखवायला सांगितला. शेवटचे वाक्य दोनदा वाचायला लावले. मग अंगठा दिला.