लागी तव्हय आनसूत

यशवंतभाऊंचा चहा एकदा बघाच. आधी गॅस पेटवणार, मग पातेलं आणायला जाणार. पाणी उकळलं की पावडर शोधणार, ती सापडली की साखरेसाठी पुन्हा निघणार. "अहो भाऊ, सगळं आधीच काढून ठेवा ना!" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "लागी तव्हय आनसूत!" लागेल तेव्हा आणू. तोवर चहा आटून अर्धा.

जळगावात आम्ही दोघं एकाच ऑफिसात बसून केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. भाऊंचा प्रोग्रामही भाऊंसारखाच. शेतकऱ्यांची यादी उघडली की तो डेटाबेसकडे जाऊन नुसती नावं आणतो. मग पहिल्याचं गाव विचारायला परत जातो, दुसऱ्याचं विचारायला पुन्हा परत. याला लेझी लोडिंग म्हणतात. यावलचा एक व्यापारी फोनवर ओरडला, "ताई, यादी दिसेस्तोवर माझी केळी पिकून गेली!"

मी तडकले. नावं, गावं, मालाच्या पावत्या, सगळं एकाच फेरीत आणायला लावलं. झालं! एका शेतकऱ्याचं नाव उघडलं तरी साऱ्यांच्या जुन्यापान्या पावत्या धावत आल्या आणि व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर आडवा. भाऊ मिशीत हसले.

"माय, पाहुनानी पानी मांगं, तू विहीर उचली लयनी!"

शेवटी तह झाला. गावं यादीबरोबरच आणायची, पावत्या मात्र कुणी मागितल्या तरच.

परवा मी गाडीने धुळ्याला निघाले होते. भाऊंची लेक अर्चना तिथे दिलीय. वहिनी गेल्यापासून भाऊ घरात एकटेच. तरी दर उन्हाळ्यात शेजारणींना गळ घालून लेकीसाठी पापड, कुरडया, बिबडे करून घेतात. ती अधूनमधून येते, एक डबा घेऊन जाते. मी म्हटलं, "भाऊ, सगळे डबे द्या. डिकी रिकामी आहे, तिच्या चकरा वाचतील."

भाऊंनी पापडांचा एकच डबा आणला.

"आणि बाकीचे?"

ते उगाच झाकण दाबत राहिले. मग हळूच म्हणाले, "बठ्ठं आजच धाडी दिधं, तं पोर परत कसाले यी?"

मी तो एकच डबा उचलून डिकीत ठेवला. फार वाईट वाटलं.

धुळ्यात अर्चनाने डबा घेतला आणि फळीवर ठेवला. तिथे आधीचे डबे होते, दोरीसुद्धा न सोडलेले. मी बघतेय हे तिने पाहिलं.

"बिबडे नाही ना दिले पप्पांनी?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "रविवारी तेच न्यायला जाते."