आधी सलाम कोणी ठोकायचा

सैन्य म्हणजे बंदुका नव्हेत. बंदुका चोरांकडेही असतात. सैन्य म्हणजे कोणतीही दोन माणसे समोरासमोर आली असता त्यांपैकी आधी सलाम कोणी ठोकायचा, हे ठरलेले असणे. एवढे पक्के असले की लढाई वगैरे पुढच्या गोष्टी आपोआप होतात. (किंवा होत नाहीत. आमच्याकडे बऱ्याच वर्षांत झालेली नाही आणि कोणाची तक्रारही नाही.)

मी सैन्याच्या ज्येष्ठता विभागात कारकून आहे. आमची खोली मुख्यालयाच्या जिन्याखाली असल्याने सगळे हुद्दे माझ्या डोक्यावरून जातात. शिपाई धावत जातो, कॅप्टन ऐटीत जातो, कर्नल कठड्याला धरून जातो. जनरल जात नाहीत. त्यांच्याकडे इतरांना जावे लागते. नुसत्या पावलांवरून मी हुद्दा ओळखतो आणि खोलीत बसल्या जागी सलाम करून घेतो. उगाच राहून जायला नको.

या रचनेमागचा विचार बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. शिपायाच्या पाठीवर बोजा असतो. हवालदाराकडे आवाज असतो. कॅप्टनच्या काखेत छडी असते, मेजरच्या हातात नकाशा असतो, आणि कर्नलच्या हातात चष्मा असतो, कारण नकाशा मेजरने धरलेला असतो. ब्रिगेडियर मान डोलावतात. जनरलांच्या खांद्यावर मात्र सगळी जबाबदारी असते. ती इतकी जड असते की त्यांना स्वतःची पिशवीसुद्धा उचलवत नाही. ती शिपाई उचलतो. अशा रीतीने साखळी पूर्ण होते आणि देश सुरक्षित राहतो.

आता दोन माणसांचा हुद्दा एकच असला तर? त्याचीही सोय आहे. ज्याला बढती आधी मिळाली तो ज्येष्ठ. बढती एकाच दिवशी मिळाली असेल तर प्रशिक्षणात ज्याला गुण जास्त तो ज्येष्ठ. गुणही सारखे असतील तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. यापुढे नियमपुस्तक थांबते. लिहिणाऱ्यांना वाटले असावे की निसर्ग काही याहून वाईट वागणार नाही.

निसर्ग वागला. आमच्याकडे जुळे भाऊ आहेत.

दोघे एकाच दिवशी भरती झाले, दोघांना गुण सारखे पडले (चुकाही त्याच केल्या होत्या), आणि दोघे एकाच दिवशी मेजर झाले. दिसायला इतके सारखे की ओळखण्यासाठी एक डावीकडे भांग पाडतो, दुसरा उजवीकडे. त्यावरून त्यांना डावे मेजर आणि उजवे मेजर म्हणतात. जन्माच्या दाखल्यावर दोघांची वेळ एकच, कारण लिहिणाऱ्याला दुसऱ्यांदा घड्याळाकडे बघायचा कंटाळा आला होता.

वेगवेगळ्या छावण्यांत होते तोवर सगळे सुरळीत होते. मग बदली होऊन दोघे एकाच छावणीत आले आणि पहिल्याच सकाळी व्हरांड्यात समोरासमोर उभे राहिले. दोघांचे हात छातीपर्यंत आले आणि तिथेच अडले. आधी सलाम केला तर आयुष्यभरासाठी धाकटे ठरणार. केलाच नाही तर शिस्तभंग. त्यांच्यामागे दोन्हीकडे माणसांची रांग लागली. शेवटी आचाऱ्याने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितले, "चहा गार होतोय, भरतभेट उरका!" तेव्हा दोघांनी एकाच क्षणी पाठ फिरवली.

त्या दिवसापासून डावे मेजर पुढच्या जिन्याने जातात आणि उजवे मागच्या. सुट्टीसुद्धा वेगवेगळी घेतात, कारण घराला दार एकच आणि नियमाप्रमाणे ज्येष्ठाने आधी आत जायचे. अधिकारी घरीही अधिकारीच असतो. ही निष्ठा बघून आम्हा सर्वांचा ऊर भरून येत असे.

तक्रार फक्त एका व्यक्तीची होती. मेजरांच्या आईची.

आई शिंपीण आहे. शाळेचे गणवेश शिवते. ती एक दिवस थेट मुख्यालयात आली आणि म्हणाली, "माझी दोन्ही पोरं एका वेळी घरी पाठवा. किती वर्षं झाली, दोघं एका टेबलाशी बसलेली बघितली नाहीत मी."

खात्याने सहानुभूतीपूर्वक विचार करून उत्तर दिले की मेजर जुळे असल्यामुळे एकाला पाहिले म्हणजे दोघांना पाहिल्यासारखेच आहे.

"पाहायला चालेल हो," आई म्हणाली. "पण एकट्या पोराला भांडता येत नाही. घर कसं खायला उठतं."

यावर तोड एकच होती. आधी कोण जन्मला, हे ठरवायचे. समिती नेमली गेली. अध्यक्ष ब्रिगेडियर, सदस्य लष्करी डॉक्टर, आणि सचिव मी. डॉक्टरांनी दोघांना तपासले. डाव्या मेजरांना पांढरे केस जास्त निघाले, पण ते कामाच्या ताणामुळे आहेत आणि उजव्यांना काम कमी असते, अशी हरकत खुद्द डाव्यांनीच घेतली. त्यावर आपल्याला काम कमी नसून उरक जास्त आहे, असे उजव्यांनी मागच्या जिन्यावरून ओरडून कळवले. डॉक्टरांनी हात टेकले. आता साक्षीदार उरली आई.

इथे घोडे पुन्हा अडले. अधिकाऱ्याच्या ज्येष्ठतेबद्दल त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्याची व्यक्तीच साक्ष देऊ शकते. आई तर साधी नागरिक. तेव्हा साक्ष संपेपर्यंत तिला मानद कर्नल करण्यात आले. (तिला आधी विचारलेले नव्हते. आमच्याकडे तशी पद्धत नाही.)

समिती तिच्या घरी गेली. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर एक अर्धवट गणवेश, जमिनीवर खडूचे तुकडे आणि कातरणे. आत स्वयंपाकघर, आणि तिथे जेवायचे टेबल. टेबलाशी खुर्च्या दोनच. एक आईची आणि एक जो मुलगा सुट्टीवर असेल त्याची.

दोन्ही मेजरांना ऐकू येईल अशा अंतरावर उभे करणे आवश्यक होते. डावे पुढच्या दाराबाहेर उभे राहिले आणि उजवे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कोबीच्या वाफ्यात. ब्रिगेडियरांनी आईच्या स्वेटरच्या खांद्यांवर पितळी बिल्ले लावले.

"म्हणजे मी या दोघांपेक्षा मोठी?" आईने विचारले.

"नियमाने, हो."

"बरं झालं, सरकारनेच सांगितलं. माझं कुठे ऐकत होते."

ब्रिगेडियरांनी घसा साफ केला. "बाई, थोरला कोण?"

"मी!" दारातून आवाज आला. "लहानपणी आईनेच सांगितलंय मला!"

"मलाही सांगितलंय!" खिडकीतून आवाज आला.

"दोघांनाही सांगितलं होतं," आई म्हणाली. "हा त्याशिवाय दूध प्यायचा नाही आणि तो त्याशिवाय अंघोळ करायचा नाही. थोरला आहेस ना, म्हटलं की गुमान करायचे."

बाहेर दोन कारकिर्दी एकदम हलल्या.

"पण खरं काय?" ब्रिगेडियर म्हणाले. "आधी कोण आला?"

आई म्हणाली, "नाही हो लक्षात. मी तेव्हा जरा कामात होते."

डॉक्टरांनी मान हलवून वैद्यकीयदृष्ट्या हे शक्य असल्याचे मान्य केले. ब्रिगेडियरांनी डोक्याला हात लावला, आणि हात वर जाताच त्यांच्या कोटाचे एक बटण लोंबताना आईला दिसले.

"साहेब, काढा तो कोट. दोन टाके घालते."

"अहो, आत्ता समितीचं काम चालू आहे."

"असं लोंबतं बटण घेऊन? काढा म्हणते ना!"

ब्रिगेडियरांनी कोट काढला. आत बनियन होता आणि त्याला काखेत भोक होते. डॉक्टरांचा खिसा उसवला होता, त्यांचाही कोट आईने ओढूनच घेतला. आणि तेव्हा सचिव या नात्याने माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. हुद्दा कोटावर असतो. कोट काढलेल्या माणसाला हुकूम देता येत नाही आणि सलामही घेता येत नाही. म्हणजे त्या क्षणी त्या घरात बिल्ल्यांसह हजर असलेल्या अधिकाऱ्यांत सर्वांत वरिष्ठ एकच होती, आणि तिच्या हातात सुई होती.

मी हे समितीच्या निदर्शनास आणून दिले. आईनेही ऐकले.

"असं होय," ती म्हणाली आणि दाराकडे तोंड करून ओरडली, "दोघांनी कोट काढा! आत या आणि हात धुवा!"

डावे दारातून आले. उजवे खिडकीतून आले, कोबी तुडवत. दोघांचे बनियन एकाच कापडाचे, आईनेच शिवलेले. घरात नळ एकच होता. मला वाटले, आता पुन्हा खोळंबा होणार. पण कोट नव्हते. डाव्यांनी उजव्यांना कोपराने ढकलले, उजव्यांनी डाव्यांच्या तोंडावर पाणी उडवले, डावे "आई, बघ ना हा!" म्हणाले, आणि पाणी ब्रिगेडियरांच्या बनियनवर गेले. ब्रिगेडियरांकडे रागवायला हुद्दाच नव्हता.

मग सगळे जेवलो. उकडलेले बटाटे होते, पाव होता, अंडी होती. दोन मेजर एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसले आणि शेवटच्या अंड्यावरून भांडले. आई टेबलाच्या टोकाला उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मला फार बरे वाटले, हे मी अहवालात लिहिलेले नाही.

निघताना ब्रिगेडियरांनी, कोट घालून, साक्ष पूर्ण करण्याची विनंती केली.

"आठवेल हळूहळू," आई म्हणाली. "दोघं समोर असले की जरा जरा आठवतं. पुढच्या सुट्टीत परत पाठवा."

त्यामुळे साक्ष अद्याप संपलेली नाही. ती संपेपर्यंत आई कर्नल आहे, आणि दर सुट्टीला दोन्ही मेजरांनी कोटाविना एकत्र हजर राहावे, असा तिचा लेखी हुकूम आहे. समितीलाही जावे लागते. प्रगती समाधानकारक आहे. मागच्या खेपेला तिला आठवले की त्या दिवशी ऊन होते.

छावणीत मात्र आजही एक मेजर पुढच्या जिन्याने जातात आणि एक मागच्या. शेवटी सैन्य आहे, काही ताळतंत्र हवे.

हे वाचून आपण हसला असाल. हरकत नाही, आपण सुजाण नागरिक, आपल्या खांद्यावर बिल्ले नाहीत. म्हणूनच आमच्या विभागाला आपल्याकडून थोडे मार्गदर्शन हवे आहे. ज्या भावाशी किंवा बहिणीशी आपण कधीपासून बोललेला नाही, त्यांनी की आपण, आधी फोन कोणी करायचा, हे आपल्याकडे कोणत्या नियमाने ठरते? आमच्या पुस्तकात असा नियम नाही. तसेच, कोट काढा म्हणणारे घरात अजून कोणी आहे का, तेही कळवावे.