तलवाड्यात क्युरीबाई उभ्या राहिल्या

"प्रयोगशाळा मिळालीच म्हणून समजा!" सिद्धाराम सरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून जाहीर केलं. सर एकदा बोलले की बोलले, मग ब्रह्मदेवाचा बापही त्यांना थांबवू शकत नसे.

प्रयोगशाळा हे सरांचं सात वर्षांचं दुखणं होतं. पोरं परीक्षानळी फळ्यावरच्या चित्रात बघून शिकत होती आणि सरांना ते मनापासून लागायचं. विज्ञान दिनाला गटशिक्षणाधिकारी मॅडम येणार होत्या, मंजुरीची फाइल त्यांच्याच हातात. म्हणून सरांनी वादविवाद ठेवला. कुणाचं काम मोठं? रेडियम शोधणाऱ्या मादाम क्युरींचं, की उसाचं गोड वाण घडवणाऱ्या जानकी अम्माळ यांचं? क्युरींच्या बाजूनं नववीतली जोया, जानकींच्या बाजूनं तिच्याच वर्गातली वर्षाराणी. दोघींची भाषणं सरांनी स्वतः घोटून घेतली. इथवर सगळं झकास होतं. पण उत्साहाच्या भरात त्यांनी नोटिशीत शेवटी एक ओळ टाकली: 'निकाल गावकऱ्यांच्या मतदानाने.'

मतदान! तलवाड्यात हा शब्द काढणं म्हणजे वाळल्या कडब्यात काडी टाकणं.

दुसऱ्याच सकाळी वर्षाराणीचे वडील सोमलिंगअप्पा रिक्षावर भोंगा बांधून निघाले. "ऊसवाल्यांनो, उसाला गोडी कुणी आणली? जानकीबाईंनी! इसरू नका!" तोवर जोयाचा बाप, फळवाला अल्ताफ, बसस्टँडवर क्युरीबाईंचा फ्लेक्स लावून मोकळा झाला होता. खाली शुभेच्छुकांचे एकोणीस फोटो आणि वर घोषणा: 'येऊन येऊन येणार कोण? क्युरीबाईंशिवाय हायच कोण!' शिवाय मतदाराला डझनामागे दोन केळी जादा.

सर धावतच स्टँडवर गेले. "अल्ताफभाई, अहो, बाई वारल्यात! नव्वद वर्षं होऊन गेली!"

"मंग तर सहानुभूतीची लाट हाय सर! फिकीर कावून करता?"

सरांनी मोर्चा रिक्षाकडे वळवला. "अप्पा, तुम्ही तरी आवरा!"

"मी कावून आवरू? त्येंची बाई परदेशी. आपली बाई हितली!"

"इथली कुठली? केरळच्या त्या!"

"आसंल. ऊस तर आपला हाय ना?"

सरांनी कपाळावर हात मारला आणि शाळेची वाट धरली.

कार्यक्रमाच्या दिवशी पटांगण गच्च भरलं. मॅडम खुर्चीत बसल्या. जोया कागद घेऊन उठणार, तेवढ्यात गावचे जाणते सुंदरराव माइकपाशी पोचलेसुद्धा.

"गावात दुफळी नको, म्हणून काल पारावर बसून आमी मिटवलंय. बिनविरोध! पहिली अडीच वर्षं क्युरीबाई, पुढली अडीच जानकीबाई!"

टाळ्यांचा कडकडाट! सरांची नजर मात्र मॅडमकडे गेली. वादच मिटला तर मॅडम बघणार काय, आणि प्रयोगशाळा देणार काय? मॅडमनी घड्याळ बघितलं. पर्सही उचलली!

"आमाला न्हाई मान्य!" जोया आणि वर्षाराणी एकदमच ओरडल्या.

"पोरींनो, निकाल लागल्यावर भाषण कशाला?"

"आमी बोलायच्या आदीच निकाल कसा लागला, काका?" असं म्हणून वर्षाराणीनं माइक सुंदररावांच्या हातातून काढूनच घेतला.

आणि मग काय विचारता! वर्षाराणीनं जानकीबाईंचा ऊस असा उभा केला, की अप्पांनी फेटा हवेत उडवला. जोयाही कुठं कमी पडतेय! कागद बाजूला ठेवून ती कडाडली, "क्युरीबाईंना धड प्रयोगशाळा न्हवती! गळकं शेड होतं! पावसात पाणी आत यायचं! त्या शेडात त्यांनी टनानं खनिज उकळलं आन् रेडियम काढलं. नोबेल मिळवलं, त्ये बी दोनदा!"

सरांचे डोळे भरून आले. शेडचं ते वाक्य त्यांनी स्वतः लिहून दिलं होतं, दोनदा अधोरेखित करून. मॅडम तर उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी तिथंच फाइल मागवली आणि तिथंच शेरा मारला. सरांनी फाइल उघडली.

'विद्यार्थिनीने सोदाहरण पटवून दिल्याप्रमाणे, संशोधनास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. शाळेमागील पत्र्याचे शेड वापरावे.'

सरांनी शेरा दोनदा वाचला. अल्ताफनं मात्र खांद्यावरून डोकावून शेरा वाचला आणि सरांना कडकडून मिठी मारली.

"मुबारक हो सर! त्ये शेड तर लई गळतंय. आता नोबेल पक्कं!"