फोलमर्स यांची पेटी आणि तिची मुदत

लांबच्या प्रवासात माणसाची सुरक्षितता इंजिनावर नव्हे, तर प्रथमोपचार पेटीवर अवलंबून असते. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते, एवढंच. पेटीची मुदत संपली तर मात्र माणूस कायद्याच्या बाहेर जातो, आणि तिथून टो करून आणायची सोय अजून झालेली नाही. जर्मनीत हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्सेले गावच्या एकहार्ट फोलमर्स यांना ते जरा जास्तच कळायचं.

फोलमर्स भूमापन कार्यालयातून अडतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत त्सेलेतल्या एकाही कुंपणाने शेजाऱ्याच्या हद्दीत चार बोटंसुद्धा पाऊल टाकलं नाही (एका जांभळ्या फुलवेलीने टाकलं होतं, ती उपटण्यात आली). असा माणूस जूनमध्ये मुलीच्या लग्नासाठी हजार किलोमीटरवरच्या, ऑस्ट्रियातल्या फिलाखला निघाला, तेव्हा तयारी फेब्रुवारीतच सुरू झाली यात नवल नव्हतं.

मुलीने, म्हणजे वीबकेने, बापाकडे दोनच गोष्टी मागितल्या होत्या. आईच्या हातचा लोण्याचा केक, दोन मोठे ट्रे. आणि शनिवारी अकरा वाजता नोंदणी कार्यालयात तिचा साक्षीदार म्हणून पप्पांची सही. लोण्याचा केक आमच्याकडे लग्नालाही लागतो आणि मयतालाही (त्यामुळे तो बिघडत नाही, कार्य कुठलं हे पाहुण्यांनी चेहऱ्यांवरून ओळखायचं). सहीचं मात्र फोलमर्सना इतकं अप्रूप होतं की त्यांनी घरी वहीत तिचा सराव केला. बायकोला, रोझविताला, सांगितलं ते एवढंच, की नवं पेन चालतं का ते बघतोय.

आता पेटीविषयी. कायदा म्हणतो: एक प्रथमोपचार पेटी, एक धोक्याचा त्रिकोण, एक चकाकणारं पिवळं जाकीट. पण कायदा हा किमान हिशेब असतो आणि फोलमर्स किमान माणूस नव्हते. त्यांनी त्रिकोण तीन घेतले. एक गाडीसाठी, एक पहिला हरवला तर, आणि एक पहिल्या त्रिकोणाला कोणी अडखळू नये म्हणून त्याच्या मागे ठेवायला. दोन माणसांसाठी जाकिटं सात. बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या (जून असला म्हणून काय झालं). केशरी शंकू चार, ओढायचा दोर, जंपर केबल, टायरमध्ये हवा भरायचा पंप, लुकलुकणारे दिवे, काचा फोडायची हातोडी, आणि ती हातोडी अंधारात सापडावी म्हणून तिच्यासाठी वेगळी बॅटरी. स्टेपनी घरी ठेवावी लागली, कारण तिच्या खळग्यात पंक्चर झाल्यास लागणारं सामान बसवलं होतं. एकूण वजन चौसष्ट किलो. दोघांचे कपडे अकरा किलो. गाडी चालवण्याच्या एकतीस वर्षांत या सामानातलं एकच हत्यार वापरलं गेलं होतं: कात्री, नव्या पेटीचं वेष्टन कापायला.

या सगळ्याची यादी एका फळीवर चिमट्याने लावलेली होती. रकाने दोन: ‘आहे’ आणि ‘मुदत’.

“केक कुठे ठेवू?” रोझविताने निघताना विचारलं.

“मांडीवर.”

“दोन्ही ट्रे? हजार किलोमीटर?”

“डिकीत ठेवला आणि त्रिकोण काढायची वेळ आली, तर आधी केक काढावा लागेल. तेवढ्यात मागून ट्रक येईल.”

“आणि तुझं ओळखपत्र? फेब्रुवारीत म्हटलं होतं, चल, दोघांचं एकदमच नवं करून येऊ.”

“त्या दिवशी पेटीसाठी बँडेज येणार होतं. ओळखपत्र पाकिटात आहे, पाकीट खिशात आहे,” फोलमर्स म्हणाले आणि यादीच्या तळाशी ‘आहे’ अशी खूण केली. ओळखपत्र हे आपत्कालीन साहित्य नसल्याने दुसरा रकाना त्याला लागू नव्हता.

साल्झबुर्गजवळ रात्रीचा मुक्काम झाला. सकाळी आठ वाजता, फिलाख तासाभरावर असताना, फोलमर्सनी महामार्गाच्या एका विश्रांतीथांब्यावर गाडी घेतली. उद्देश: साहित्याची प्रवासकालीन तपासणी. पंप चालवून पाहिला. लुकलुकणारे दिवे लुकलुकले. हातोडीची बॅटरी गाडीवर चार्ज झाली. चाळीस मिनिटांत प्रत्येक वस्तू उत्तम चालते हे सिद्ध झालं आणि गाडीची बॅटरी संपली.

सांगायला अभिमान वाटतो की फोलमर्स क्षणभरही गडबडले नाहीत. जाकीट चढवलं. शंभर पावलं मोजून मागे त्रिकोण ठेवला, त्याच्या मागे दुसरा. गाडीभोवती शंकू मांडले. ताडपत्रीवर सगळं साहित्य ओळीने लावलं, फळी हातात घेतली आणि जंपर केबल शोधू लागले, जी नियमानुसार सर्वांत खाली होती.

तेवढ्यात जर्मनीतल्या ग्युटर्सलोची एक कॅराव्हॅन त्रिकोणापाशी आली, हळू झाली आणि शंकूंजवळ येऊन थांबली. चालकाने काच खाली केली आणि न विचारता आपली प्रथमोपचार पेटी बाहेर धरली.

“नोव्हेंबरपर्यंत आहे,” तो म्हणाला. “जाकिटं मागे आहेत. दाखवू का?”

फोलमर्सनी आपण कोणी अधिकारी आहोत असं सांगितलं नाही, हे नोंदवलं पाहिजे. पण समोर धरलेली पेटी न तपासणं त्यांच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतं. त्यांनी तारीख वाचली आणि मान हलवली. कॅराव्हॅन आभार मानून गेली. तिच्या मागे सात गाड्या लागल्या होत्या. कोणी भोंगा वाजवला नाही. एका कुटुंबाने तर मुलांनाही जाकिटं घालून ओळीने उभं केलं.

“एकहार्ट,” मांडीवर दोन ट्रे घेतलेली रोझविता खिडकीतून म्हणाली, “साडेनऊ झाले.”

“शेवटची एकच राहिली.”

शेवटच्या गाडीत पन्नाशीची एक बाई होती, फ्राऊ त्रॉयर. इथलीच, कॅरिंथियाची. तिने सीटखालून पेटी शोधून काढली. तारीख २०१९ ची होती.

“प्लास्टर अजून चिकटतं,” ती म्हणाली. “मला अकराच्या आत कामावर पोचायचंय हो.”

“मलाही पोचायचंय. पण पेटी असणं वेगळं आणि पेटी चालणं वेगळं.”

हे ऐकून रोझविताने ट्रे गाडीच्या टपावर ठेवले, बाहेर आली आणि ताडपत्रीच्या तळातून जंपर केबल ओढून काढली. “ताई, आमची बॅटरी उतरलीय. तुमची जरा देता का?”

“म्हणजे हे तपासणीवाले नाहीत?”

“हे माझे मिस्टर आहेत.”

फ्राऊ त्रॉयरने जाकीट वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिने बॉनेट उघडलं. मुदतबाह्य पेटीच्या गाडीतून वीज घ्यावी की नाही, असा प्रश्न फोलमर्सच्या चेहऱ्यावर उमटला. रोझविताने तो तिथल्या तिथे मिटवला: “विजेवर तारीख नसते. बस आत.”

अकराला दहा मिनिटं कमी असताना ते नोंदणी कार्यालयात पोचले. केक शाबूत होता. वीबके पांढऱ्या पोशाखात दारातच उभी होती. टेबलामागे विवाह नोंदणी अधिकारी बसल्या होत्या: फ्राऊ त्रॉयर.

“साक्षीदाराचं ओळखपत्र,” त्या म्हणाल्या.

फोलमर्सनी दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, अगदी सावकाश.

“चार मार्चला मुदत संपलीय.”

“पण फोटोत मीच आहे,” फोलमर्स म्हणाले.

“तुम्ही असणं वेगळं, फोलमर्स साहेब, आणि तुम्ही चालणं वेगळं.”

रोझविताने पर्स उघडली. पर्समध्ये एक प्लास्टर, एक सेफ्टी पिन आणि फेब्रुवारीत काढलेलं ओळखपत्र होतं. सही तिने केली, तीही उसन्या पेनाने.

फोलमर्स दुसऱ्या रांगेत बसले. कुणीतरी धरायलाच हवे होते म्हणून दोन्ही ट्रे आता त्यांच्या मांडीवर होते. सरावाचं पेन खिशात टोचत होतं, आणि त्यांना खरंच रडू येत होतं. सही झाल्यावर वीबके त्यांच्याजवळ आली, वाकली आणि त्यांच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाली, “पप्पा, आता तरी जाकीट काढ.” तोवर फोटो काढून झाले होते. प्रत्येक फोटोत वधू-वरांच्या मागे काहीतरी पिवळं चमकतं.

वाचकहो, आपण मघापासून हसत आहात, ते दिसतंय. हसा. फक्त हसून झालं की आपलं लायसन्स काढा, त्यावरची तारीख वाचा आणि परत या. सावकाश या. तुमचा नंबर आम्ही धरून ठेवतो; तुमच्या पुढे सातच गाड्या आहेत.